पावतीवरचा टॅक्स जुळत नाही? टी, एफ, एन, एक्स या अक्षरांचा घोळ असा सोडवा (न्यू जर्सी, किराणा आणि घरसामान)

न्यू जर्सीत नवीन आलेल्या मराठी घरांमधून हा प्रश्न सारखा येतो. शब्द वेगळे असतात, मुद्दा तोच. किराण्याची रिसीट घेऊन बसलो, टॅक्सचा दर ६.६२५ टक्के म्हणून सगळे सांगतात, पण एकूण बिलाला तो दर लावला तर भलताच आकडा येतो, छापलेला टॅक्स त्याच्या पाव हिस्साही नाही, आणि प्रत्येक आयटमच्या पुढे टी, एफ, एन असली अक्षरं आहेत ती काय भानगड आहे? कधी उलटी तक्रार असते की मागच्या वेळी याच सामानाला कमी टॅक्स होता आणि या वेळी जास्त लागलाय, दुकानदाराने फसवलं का. आणि गावाहून आई-बाबा आलेले असले तर त्यांचा प्रश्न त्याच्याही आधीचा असतो, की शेल्फवर किंमत लिहिलीय एक आणि काउंटरवर घेतात दुसरी, हे चालतं कसं? त्यांचं बरोबरच आहे, आपल्याकडे पाकिटावर एमआरपी छापलेली असते आणि त्यात सगळे कर धरलेले असतात, इथे शेल्फवरची किंमत टॅक्सशिवायची असते आणि टॅक्स काउंटरवर वर चढतो, तोही फक्त काही वस्तूंवर. कुठल्या वस्तूंवर, एवढाच खरा प्रश्न आहे.

आधी अक्षरांबद्दल, कारण सगळे तिथेच अडकतात. ही अक्षरं सरकारने ठरवलेली नाहीत. अमेरिकेत देशभराचा एक सेल्स टॅक्स नाही, प्रत्येक राज्याचा आपापला, आणि पावतीवर कुठलं अक्षर छापायचं हे त्या दुकानाचं बिलिंग सॉफ्टवेअर ठरवतं. त्यामुळे सगळ्या दुकानांना चालेल असा तक्ता नाहीच, कोणी फॉरवर्ड केला तर त्यावर विसंबू नका. साधारण चाल अशी की टी म्हणजे टॅक्स लागलेली वस्तू, एन म्हणजे न लागलेली, काही ठिकाणी टीच्या जागी एक्स असतो, कॉस्कोच्या काही पावत्यांवर टॅक्सवाल्या वस्तूपुढे ए दिसतो. काही छोट्या देशी दुकानांत तर अक्षर नसतंच, नुसती चांदणी असते. मग ओळखायचं कसं, तर पावतीच्या तळाशी बघा, बऱ्याच पावत्यांवर टॅक्स १, टॅक्स २ किंवा टॅक्सेबल अमुक इतकं अशी ओळ असते. तीही नसेल तर खाली हिशोबाने काढायची पद्धत दिलीय, ती कुठल्याही दुकानात चालते.

एफ बद्दल वेगळं सांगायला हवं कारण सगळ्यात जास्त गैरसमज त्याचाच आहे. बहुतेक ठिकाणी एफ म्हणजे ती वस्तू फूड स्टँपवर, म्हणजे सरकारी अन्नसाहाय्याच्या कार्डावर, घेता येते एवढंच (कॉस्कोच्या पावतीवर हेच डाव्या बाजूला ई म्हणून येतं). एफ म्हणजे फूड आणि फूडला टॅक्स नाही, म्हणजे एफवाल्याला टॅक्स नाही, असा अर्थ लोक लावतात आणि तिथे हिशोब फसतो. फूड स्टँपच्या यादीत बसणं ही एक गोष्ट आणि राज्याच्या सेल्स टॅक्समधून सुटणं ही दुसरी. कोल्ड्रिंकची बाटली दोन्हीकडे येऊ शकते, पुढे एफ पण आणि टी पण. पैसे फूड स्टँपच्या कार्डावरून दिले तर त्या रकमेवर टॅक्स लावता येत नाही, हा केंद्राचा नियम आहे, पण तुम्ही आपल्या डेबिट कार्डवर घेतलं तर लागणार.

आता हिशोब. समजा देशी दुकानातली पावती अशी आहे: तूरडाळ ८.९९, कणकेची मोठी पिशवी १३.९९, मँगो ड्रिंकची बाटली ३.४९, शेंगदाण्याची चिक्की २.९९, बेसन लाडवांचं पाकीट ५.९९, भांडी घासायचा साबण ४.२९, टॉयलेट पेपर ९.९९, अगरबत्ती १.९९. बेरीज ५१.७२ डॉलर. याला ६.६२५ टक्के लावले तर ३.४३ येतात, आणि पावतीवर टॅक्स छापलाय फक्त ८५ सेंट. चूक आहे का? नाही. यात टॅक्सवाल्या वस्तू चारच, मँगो ड्रिंक, चिक्की, साबण आणि अगरबत्ती, त्यांची बेरीज १२.७६, त्याचे ६.६२५ टक्के म्हणजे ८४ आणि वर अर्धा सेंट, म्हणून ८५. म्हणजे पहिली पायरी हीच, टक्के एकूण बिलावर लावायचे नाहीत, फक्त टॅक्सवाल्या ओळींच्या बेरजेवर लावायचे.

अक्षरं कळत नसतील तर उलटं करा. छापलेल्या टॅक्सला ०.०६६२५ ने भागा. ८५ सेंट भागिले ०.०६६२५ म्हणजे १२.८३. ही झाली दुकानाने टॅक्स लावलेल्या सामानाची साधारण किंमत. साधारण अशासाठी की टॅक्स जवळच्या सेंटला आणतात आणि त्या अर्ध्या सेंटमुळे भागाकारात सात-आठ सेंटचा फरक पडतो, तेवढ्यावर डोकं आपटू नका. पण फरक डॉलरमध्ये असेल तर मात्र थांबा. समजा याच पावतीवर ८५ सेंटच्या ऐवजी १.२४ छापलेत. भागलं तर १८.७२. तुमच्या हिशोबाने १२.७६ यायला पाहिजेत, फरक ५.९६. आता पावतीवर वरून खाली बोट फिरवा आणि सहा डॉलरच्या आसपासची वस्तू शोधा. बेसन लाडू, ५.९९. सापडली! म्हणजे दुकानाच्या सिस्टिममध्ये लाडवांना टॅक्सची खूण लागलेली आहे. मला ही पद्धत फार आवडते कारण हिच्यासाठी एकही अक्षर पाठ करावं लागत नाही, फोनवरचा कॅल्क्युलेटर पुरतो, आणि दुकानात बोलायला जाताना "टॅक्स जास्त लागलाय" असं मोघम न म्हणता थेट "या एका ओळीवर लागलाय" असं बोट ठेवता येतं.

लाडवाला का नको आणि चिक्कीला का हवा? हे आपल्या खाण्याच्या बाबतीत फार महत्त्वाचं आहे म्हणून नीट वाचा. न्यू जर्सीत घरी न्यायच्या बहुतेक अन्नाला टॅक्स नाही, पण कँडी आणि सॉफ्ट ड्रिंक या दोन गोष्टी त्यातून बाहेर काढलेल्या आहेत. कँडीची कायद्यातली व्याख्या अशी की साखर, मध किंवा दुसरं काही गोड, त्यात चॉकलेट, फळं, दाणे वगैरे घालून केलेल्या वड्या, गोळ्या किंवा तुकडे. पण त्यात पीठ असेल तर ती कँडी नाही, आणि फ्रिजमध्ये ठेवावी लागणारी वस्तू असेल तरी नाही. म्हणून स्निकर्सला टॅक्स आणि किटकॅटला नाही, कारण किटकॅटच्या आतल्या बिस्किटात गव्हाचं पीठ आहे. आता हाच नियम आपल्या शेल्फला लावा. चिक्की म्हणजे गूळ आणि दाणे, पीठ नाही, वड्या आहेत, झाली कँडी. तिळाची वडी तशीच. बेसन लाडू, सोनपापडी यांच्या घटकांच्या यादीत ग्रॅम फ्लोअर किंवा मैदा म्हणजे व्हीट फ्लोअर लिहिलेलं असतं, त्या कँडीतून सुटल्या. फ्रिजमधला पेढा, बर्फी, रसमलाई सुटली. पण दुकानात नवीन माल सिस्टिममध्ये चढवताना कोण घटकांची यादी वाचत बसतं, "स्वीट्स" असा एक गट केला की त्या गटातलं सगळं टॅक्सवालं होऊन बसतं, लाडू काय आणि चिक्की काय. यात कोणाची लबाडी नसते, हा पैसा दुकानदाराच्या खिशात जात नाही, तो राज्याकडे भरायचा असतो, पण तुमच्या खिशातून तर गेलाच ना. दिवाळीच्या दिवसांत मिठाईची पाकिटं भरभरून घेतली जातात तेव्हा ही चूक शोधण्यासारखी असते.

सॉफ्ट ड्रिंकचंही तसंच. साखर किंवा गोडवा घातलेलं, दारू नसलेलं पेय म्हणजे सॉफ्ट ड्रिंक, पण दूध किंवा दुधासारखा पर्याय (सोया, राईस) असेल किंवा फळांचा-भाज्यांचा रस ५० टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर नाही. लोक म्हणतात की आंब्याचा ज्यूस आहे, फळ आहे, टॅक्स कसा, तर बाटलीवर "कंटेन्स इतके टक्के ज्यूस" ही ओळ वाचा, आपल्याकडची आंब्याची गोड पेयं पन्नाशीच्या खूप खाली असतात. फ्रूटी, माझा, सगळी त्यातच आली. लस्सी, ताक, मसाला दूध सुटतं. साधं बाटलीतलं पाणी सुटतं.

तिसरं म्हणजे तयार गरम खाणं. फ्रीझरमधले समोसे, बटाटेवडे, पुरणपोळ्या घेतल्या तर टॅक्स नाही, त्याच दुकानाच्या काउंटरवर गरम समोसा घेतला तर आहे. एकाच पावतीवर समोसा दोनदा आणि एकापुढे टी, एकापुढे नाही, हे बघून गोंधळू नका, ते बरोबर आहे.

खाण्याच्या बाहेर आलो की नियम उलटा होतो, म्हणजे टॅक्स आहे असंच धरायचं आणि सवलत शोधायची. साबण, शांपू, टूथपेस्ट, डिटर्जंट, भांडीकुंडी, सगळ्याला टॅक्स. केसांना लावायच्या तेलाला टॅक्स, स्वयंपाकाच्या तेलाला नाही. पण टॉयलेट पेपर, पेपर टॉवेल, पेपर नॅपकिन, कागदी प्लेटा, डायपर या घरगुती वापराच्या कागदी वस्तू न्यू जर्सीत सुटलेल्या आहेत. प्लॅस्टिकच्या प्लेटा नाही सुटल्या, हा फरक घरी मोठा कार्यक्रम असला की कळतो. सॅनिटरी पॅडना टॅक्स नाही. औषधांना नाही, चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्यांनाही नाही, पाकिटामागे "ड्रग फॅक्ट्स" अशी चौकट आहे का बघा, पण डँड्रफचा शांपू चौकट असूनही शांपूच धरतात, तिथे टॅक्स लागतो. आणि कापडी रियुजेबल पिशवी विकत घेतली तर तिलाही लागतो, मे २०२२ पासून इथे एकदा वापरायच्या प्लॅस्टिक पिशव्या बंद आहेत त्यामुळे पावतीवर ही ओळ वरचेवर येते आणि लोक विचारतात ही कसली.

पूजेचं सामान बघा, गणपतीच्या आधीची पावती घेतली तर सगळे नियम एकाच कागदावर सापडतात. नारळ, गूळ, हळद, खोबरं, साखर, सुका मेवा, टॅक्स नाही, खायच्या वस्तू. कुंकू, कापूर, अगरबत्ती, वाती, फुलं, टॅक्स आहे. हळद-कुंकू शेजारी शेजारी ठेवलेलं असलं तरी एकाला नाही आणि एकाला आहे!

कपड्यांचं इथे सोपं आहे, कपड्याला आणि चपला-बुटांना टॅक्स नाही, साडीला नाही, स्वेटरला नाही, किंमत कितीही असो (फरचे कपडे सोडून). पण दागिने, पर्स, पाकीट, घड्याळ, छत्री, गॉगल आणि हातरुमालसुद्धा कपड्यात धरत नाहीत, त्यांना लागतो.

एवढं सगळं करूनही आकडा जुळत नसेल तर तीन गोष्टी तपासा. पहिली, अर्धा दर. न्यू जर्सीत काही शहरांत अर्बन एंटरप्राइझ झोन आहेत, जर्सी सिटी, एलिझाबेथ ही त्यातली नावं, तिथल्या नोंदणी केलेल्या दुकानात ६.६२५ च्या अर्धा म्हणजे ३.३१२५ टक्केच लागतो. वरच्या पावतीवर ८५ सेंटच्या ऐवजी ४२ सेंट दिसले तर हेच कारण. सगळ्या दुकानांना नाही, आणि तयार खाणं, दारू, सिगारेट, गाडी यांना तर तिथेही पूर्णच.

दुसरी, कूपन. दुकानाने स्वतः सवलत दिली असेल तर कमी झालेल्या किमतीवर टॅक्स लागतो. पण कंपनीचं कूपन असेल, म्हणजे साबणाच्या कंपनीने काढलेलं, तर ते पैसे कंपनी दुकानाला भरून देते, त्यामुळे टॅक्स मूळ किमतीवर. १२.९९ चं डिटर्जंट, ३ डॉलरचं कंपनीचं कूपन, तुम्ही दिले ९.९९ पण टॅक्स १२.९९ वर, म्हणजे ६६ सेंट नाही तर ८६ सेंट. बरोबर आहे, भांडू नका.

तिसरी, तुम्ही दर तरी बरोबर धरलाय का. ६.६२५ हा १ जानेवारी २०१८ पासूनचा दर आहे, त्याआधी २०१७ मध्ये ६.८७५ होता आणि त्याच्याही आधी ७, जुन्या लेखांमध्ये अजून सात सापडतो. आणि ही पावती न्यू जर्सीचीच आहे ना हेही बघा, कारण वीकेंडला लोक नदीपलीकडे जातात. न्यूयॉर्क शहरात ८.८७५ टक्के आहे, राज्याचा ४, शहराचा ४.५ आणि वर ०.३७५ लोकल वाहतुकीसाठी, तिथे कपडे नगाला ११० डॉलरच्या खाली असतील तरच सुटतात, आणि टॉयलेट पेपरला टॅक्स आहे. फिलाडेल्फियात ८, पेन्सिल्व्हेनियाच्या बहुतेक भागात ६, पण तिथे कँडीला टॅक्स नाही, त्यामुळे चिक्की पलीकडे टॅक्सशिवाय आणि इकडे टॅक्ससकट. डेलावेअरमध्ये सेल्स टॅक्सच नाही, म्हणून लोक लॅपटॉप घ्यायला तिकडे पळतात, पण तिथून आणून इथे वापरलेल्या वस्तूवर न्यू जर्सीचा यूज टॅक्स देणं लागतं आणि वार्षिक रिटर्नमध्ये त्यासाठी ओळ आहे, हे सहसा कोणी सांगत नाही म्हणून सांगितलं.

टेक्सास, इलिनॉय, कॅलिफोर्नियातल्या मंडळींनी वरची यादी जशीच्या तशी घेऊ नका, भागाकाराची पद्धत मात्र घ्या. टेक्सासात राज्याचा ६.२५ आणि स्थानिक जास्तीत जास्त २, म्हणजे बहुतेक शहरांत ८.२५, आणि कपड्यांना एरवी टॅक्स आहे. इलिनॉयमध्ये किराण्यावर राज्याचा १ टक्का होता तो १ जानेवारी २०२६ पासून गेला, पण गावांना आपला १ टक्का ठेवायची मुभा दिलेली आहे, त्यामुळे शेजारच्या दोन गावांत डाळीची पावती वेगळी येऊ शकते. तिथे टॅक्सच्या दोन ओळी असल्या तर दोन्ही वेगवेगळ्या भागाव्या लागतील. कॅलिफोर्नियात बाटल्यांपुढे सीआरव्ही म्हणून ५ किंवा १० सेंट येतात, तो टॅक्स नाही, रिकामी बाटली परत दिली की मिळणारी अनामत आहे. न्यू जर्सीत अशी अनामत नाही, न्यूयॉर्कमध्ये आहे, ५ सेंट.

चूक सापडली तर काय करायचं. ओरिजिनल पावती आणि वस्तूचं पाकीट दोन्ही घेऊन कस्टमर सर्व्हिसला जा. पाकीट महत्त्वाचं, कारण घटकांच्या यादीतलं पीठ किंवा ज्यूसचे टक्के तिथल्या तिथे दाखवता येतात. काउंटरवरच्या मुलाशी वाद घालू नका, त्याने फक्त स्कॅन केलंय, मॅनेजरला शांतपणे म्हणा की या वस्तूवर टॅक्सची खूण चुकून लागलीय, बघता का. बहुतेक जण टॅक्स परत देतात, आणि सिस्टिममध्ये दुरुस्त केलं तर तुमच्यानंतर येणाऱ्या प्रत्येकाचा फायदा, नाहीतर तीच चूक दर पावतीवर पुन्हा छापली जाणार. राज्याच्या कर विभागाची सेल्स टॅक्स गाईड आहे, एस अँड यू-४ नावाची पुस्तिका, तिच्यात कुठल्या वस्तूला टॅक्स आणि कुठल्याला नाही याची लांबलचक यादी आहे, ती फोनवर उघडून ठेवा, बोलणं लवकर संपतं. दुकानाने ऐकलंच नाही आणि रक्कम मोठी असेल, म्हणजे कार्यक्रमाचं सामान, भरपूर कपडे वगैरे, तर राज्याकडे ए-३७३० हा रिफंडचा फॉर्म भरता येतो, मुदत टॅक्स भरल्यापासून ४ वर्षं. ४० सेंटसाठी कोणी भरणार नाही, पण लग्नाच्या साड्यांवर चुकून टॅक्स लागला असेल तर जरूर भरा. आणि पावतीचा फोटो घरी आल्याबरोबर काढून ठेवा, थर्मल कागदावरची छपाई काही महिन्यांत उडते, मग फॉर्मला जोडायला कोरा कागद उरतो.